बादली आणि अकरा पाहुणे

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी बादली आहे. जन्म कारखान्यात, तीनशे बहिणींसोबत. पण मला माणसांत आणलं ते मासेवाल्या मावशींनी. वीस वर्षं त्यांनी मला तळ्यावर नेलं. बूड गळू लागलं तेव्हा डांबर लावलं, पण भंगारात दिलं नाही. हे उपकार मी विसरलेले नाही.

मध्यंतरी ते तळं बुजवून गाड्या लावायला जागा करायचं घाटत होतं. ‘तळं मेलेलंच आहे,’ असं नगरपालिकेच्या कार्यालयाचं म्हणणं. खरंखोटं करायला कॉलेजातल्या बाई नेमल्या गेल्या. माशांच्या अंगातले जंत मोजायचे म्हणून त्यांनी मावशींकडे मासे मागितले.

किडे सापडले तर तळं गेलंच, असं मावशींनी धरलं. हे तळं गेलं तर खायचं काय? तळ्याची अब्रू राखायला त्यांनी कोवळे मासे निवडले, ब्रशने कल्ले घासले, पोटं साफ केली आणि मला ऐटीत बाईंच्या टेबलावर ठेवलं.

“मावशी, यांची पोटं कुठायत?”

“टाकली. आता एक किडा सापडू दे, नाव बदलेन!”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, किडे नाहीत म्हणजे तळं मेलं असंच लिहावं लागेल मला! जंताला आधी गोगलगाय लागते, मग मासा, मग तो मासा खाणारा बगळा. यातलं एक जरी गेलं तरी त्याचा संसार मोडतो. जितक्या जातींचे जंत, तितकं तळं जितं. आणि अहवाल उद्या द्यायचाय!”

मावशींनी मला उचललं ते थेट तळ्यावर. या खेपेला थोराड मासे आले, जिवंत, तळ्याच्याच पाण्यासकट. त्यांनी आयुष्यभर मिळेल ते खाल्लं होतं आणि येईल त्याला जागा दिली होती.

बाई भिंगातून मोजू लागल्या. “नऊ... दहा... अकरा जाती!”

“अकराच?” मावशी दुखावल्या. “नीट बघा की हो, कल्ल्यात असेल एखादी!”

तळं राहिलं. कार्यालय आता एका बागेच्या मागे लागलंय म्हणे.

बाईंचा सत्कार झाला, मावशींना नारळाएवढा गुच्छ मिळाला. त्या अकरा जणांचे आभार मात्र कोणी मानले नाहीत, म्हणून मी मानते. मित्रांनो, कुठल्याही पाण्याची साफसफाई जरूर करा. फक्त आत कोण कोण राहतं, तेवढं आधी विचारा.