चांदणीचा चिंचोका

“पुस्तकात साफ नाही,” हे म्हणाले, “अन् साफ नसलं का नामंजूर.”

चहाचा ट्रे घेऊन मी तिथंच थबकले. पटावर आगीच्या राक्षसाची काडेपेटी उभी होती. तिच्यासमोर तीन मोहरे: शेजारच्या महिपतभाऊजींच्या मांत्रिकाचं पितळी बटण, पोस्टमन चंपतरावांच्या तिरंदाजाची कवडी आणि चांदणी वैदिणीचा चिंचोका. चांदणी म्हणजे भाऊजींची लेक चारुशीला. म्हणजे खेळातली. खरी चारुशीला मागच्या पावसाळ्यात तापानं गेली.

हा खेळ नव्वद साली ह्यांचा पुतण्या अमेरिकेहून घेऊन आला. सुट्टीभर खेळला आणि इंग्रजी पुस्तक, नाना तोंडांचे फासे, सगळा खोका आमच्याकडं टाकून गेला. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, फासे टाकून लढायचं, मंत्र म्हणायचे. मंत्र कुणाला लागू, कुणाला नाही, ते पुस्तक सांगतं. पुस्तक गप्प बसलं की गोष्ट चालवणारा सांगतो. आमच्या घरी तो मान सुधाकररावांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा. हे सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला!

इंग्रजीतलं अरण्य आमच्या मंडळींनी केव्हाच इकडच्या तेलुगू मुलखातल्या बेज्जूरच्या रानात आणून ठेवलं होतं. चारू दहावीला तेलुगूत नापास होऊन घरी बसली होती, तेव्हा तिला खेळात घ्या म्हणून मीच हट्ट धरला. मोहरा म्हणून माझ्या डब्यातला चिंचोका दिला. ती गेल्यावरही भाऊजी दर रविवारी तिच्या नावाचा फासा टाकत. कुणी हरकत घेतली नाही. तिचं दान चांगलं पडलं की ते हसायचे. एरवी त्यांना हसताना पाहिलेलं मला आठवत नाही.

आज राक्षसानं आग ओकली आणि भाऊजींच्या मांत्रिकानं रक्षामंत्र म्हटला. पुस्तकातली ओळ एवढीच: मंत्र म्हणणाऱ्याचे सोबती आगीतून वाचतात.

“सोबती म्हंजे जो खेळून राह्यला तो,” हे म्हणाले. “चारू तं नाही आता. तिच्या मोहऱ्याले सोबती कसं म्हनाव?”

“नाही म्हनाव, असं तरी कुठी लिवलंय?” भाऊजी म्हणाले.

“अजी, खेळ हाय हा!” चंपतराव कळवळले. “वाचू द्या ना पोरगी.”

“खेळाले बी रूल असते.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच सुरात हे तेव्हाही बोलले होते. चारू तापानं फणफणलेली, तिला वांकिडीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ऑफिसची जीप उभी, साहेब रजेवर, किल्ली ह्यांच्यापाशी. आजाऱ्याला जीप द्यावी की नाही, नियमात साफ नव्हतं. साफ नसलं की नामंजूर! भाऊजींनी पोरीला बैलगाडीत घातलं. गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरली. त्यावर भाऊजी आजवर चकार शब्द बोलले नव्हते, म्हणूनच मला त्यांच्याकडं बघवत नसे.

“काऊन हो,” मी ट्रे आदळला, “एकदा करून मन नाही भरलं का तुमचं?”

ह्यांचा चेहरा उतरला. पण हात पुढं गेलाच, आणि चिंचोका पटाबाहेर झाला.

भाऊजी पटावरच्या त्या रिकाम्या घराकडं बघत राहिले. मग म्हणाले, “थे ओळ वाचा बरं पुन्यांदा.”

ह्यांनी वाचली.

“सोबती वाचतात. म्हननारा बी वाचते, असं हाय का त्याच्यात?”

“तसं साफ नाही. पन म्हननारा तं वाचनारच ना, महिपत! समजून घ्याचं असते.”

“समजून घ्याचं, असं कुठी लिवलंय?”

ह्यांनी पान उलटून पाहिलं.

“साफ नाही नं? मंग नामंजूर.” भाऊजींनी स्वतःच्या हातानं बटण उचललं. “माहा मांत्रिक बी जळला. पोरीसंगं.”

“अरे, असं नोको करू! मी देतो ना मंजुरी.” ह्यांचा आवाज फाटला. हे शब्द ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेच नव्हते. “दोघायले देतो. बस तू, बस खाली.”

“आता काय कामाची, सुधाकरराव?” भाऊजी म्हणाले. रागावूनसुद्धा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते उठले. चंपतरावांनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हलकेच सोडवला. दाराशी जाऊन माझ्याकडं वळले.

“वैनी, बटन माहं व्हतं. चिंचोका तुमच्या घरचा हाय. नेऊ का?”

“न्या, भाऊजी,” मी म्हटलं, आणि पटाशेजारचा चिंचोका उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला. खिशाचंच बटण काढून त्यांनी एके काळी मांत्रिक केला होता, त्यामुळे खिसा उघडाच. वरून तळवा दाबून धरत ते जपून पायऱ्या उतरले.