शेवटचं गिऱ्हाईक

नट अजून अर्धा आटा फिरायला हवा होता आणि फिरत नव्हता. हरिश्चंद्रने पान्यावर जोर दिला. योगिनीच्या गच्चीवरची ती उपग्रहावरून इंटरनेट घेणारी पांढरी डिश, जेवायच्या पाटाएवढी, आभाळाकडे तोंड करून मख्ख बसली होती. गावातली ही शेवटची. कालपर्यंत योगिनीचं नेट त्याच्या वायरवर होतं – राजापूरपासून इथवर, आंब्याफणसांवर स्वतः चढून वीस वर्षांत ओढलेली बारा किलोमीटर वायर, वानरांनी कुठे दात लावले आणि जोड कुठे मारला, डोळे मिटून सांगेल तो... आता त्या वायरवर एकही घर नाही. चार दिवसांपूर्वी पोरीने फोन केला, "काका, मी पण डिश घेतंय, रागावू नका हां." रागावू नका म्हणे! बाकीच्यांनी निदान न सांगता गळा कापला.

आणि बसवायला मीच. डिशच्या कंपनीचा इथला माणूस मीच – महिनाअखेरपर्यंत जुनी वायर उतरवून दाखवली की काम कायमचं. पोटाला कुठे लाज असते.

रत्नागिरीच्या हॉटेलात कंपनीने एजंटांना जेवण दिलं, तेव्हा एक गुळगुळीत साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होता. डिश तोट्यात देतो, हे त्यानेच हसत हसत सांगितलं. उपग्रह पाच-सहा वर्षांत जळून पडतात, पुन्हा नवे सोडायचे. मग भरून कुठून निघणार? तर म्हणे वर अवकाशातच एआयचे कॉम्प्युटर बसवायचे. ऊन फुकट, जागा फुकट, जगभरच्या कंपन्या भाड्याने घेतील... घेतील! सगळा व्यवहार मोहोरावर. मोहोर बघून बाग घेणारे हरिश्चंद्रने जन्मभर पाहिले होते, पण त्यांच्यापुढे निदान झाड तरी उभं असतं. त्याने हात वर करून विचारलं, "वर काय बिघडला तर चढणार कोण?" साहेब हसला. सगळे हसले. मीही हसलो... तेच जास्त झोंबतं. मेल्यांचं वाटोळं होवो, असं तेव्हापासून तो रोज अंघोळीच्या वेळी मनात म्हणायचा, लोक देवाचं म्हणतात तसं. आणि वाटोळं होणारच होतं. पैसे पुरवणारे एक दिवस हात आखडता घेतील, दर तिप्पट होतील, नाहीतर डिशा नुसत्याच पडून राहतील, आणि तोवर गावातली वायर भंगारात गेलेली असेल.

नट बसला. योगिनी चाय घेऊन वर आली. वडील अंथरुणाला खिळल्यापासून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत होती, रोज नऊ तास.

"काका, ह्या टिकेल ना? खरा काय ता सांगा. नेट गेला तर माझी नोकरी जाईल."

मागच्या फणसावर त्याची वायर अजून होती, जिवंत. वायर ठेव, बाय, डिश परत कर – एवढंच बोलायचं होतं. वाक्य ओठांवर आलं सुद्धा... पण तिने तेवढ्यात डिशवरचं प्लॅस्टिक सोलायला घेतलं, नवं भांडं आणल्यावर सोलतात तसं, हौसेने.

"टिकेल गो," तो म्हणाला. "न टिकायला काय झाला? माझ्या वायरीपेक्षा बरी."

तिचा चेहरा सैल झाला. "मग ती वायर आजच काढाल? माकडां नाचतात तिच्यावर."

"काढतो."

तो चाय प्यायला. लाज वाटायला हवी होती. त्याला बरं वाटत होतं. साहेबाचा चेहरा आठवू म्हटलं तर नीट आठवेना. त्याऐवजी वर्षा-दोन वर्षांनंतरची, नेट बंद पडलेली योगिनी दिसत होती – तिचा फोन येतोय, आपण ऐकतोय, उचलत नाही... पुन्हा येतोय. खाली तिच्या वडिलांनी हाक मारली आणि ती "आलंय, आलंय" म्हणत जिना उतरली. कंपनी इतक्यात बुडू नये, असं हरिश्चंद्रला एकदम मनापासून वाटलं – इतक्यात नको, आधी वायर खाली येऊ दे.