घरून उत्तर नाही

विद्यापीठाच्या तळघरातल्या लांबट खोलीत सिरगा पुन्हा पुन्हा आपल्या कॉलेजचं लॉगिन भरत होती आणि लॅपटॉपवरचं चक्र नुसतं गरगरत होतं. नारिनच्या शिक्षण महाविद्यालयात हेच लॉगिन ती रोज वापरायची. हे घेऊन कुठल्याही विद्यापीठात जा, तिथलं वाय-फाय आपलंच समजा, असं पहिल्या वर्षापासून सगळ्यांना सांगितलेलं. त्या भरवशावर ती बिश्केकला आली होती.

आज तिची निवड व्हायची होती. राजधानीतल्या एका चांगल्या शाळेत शिक्षिकेची एकच जागा होती. प्रत्येक उमेदवाराने आपल्या भागातल्या वर्गाला पडद्यावरून एक धडा शिकवायचा आणि समितीने मागे बसून तो पाहायचा, अशी रीत. सिरगाने आपल्या डोंगरातल्या गावची चौथी घेतली होती. शनिवार असूनही पोरं धुतलेले कपडे घालून शाळेत येऊन बसली होती.

"झालं का, पोरी?" समितीच्या प्रमुख झुरा एजेंनी चष्म्यावरून पाहत विचारलं. बाईंना तिथे एजे म्हणत, सरांना आगाय.

"होतंय, एजे. आत्ता होईल."

होत नव्हतं. नेटवर्क पाहणारा एमिल हातातला चहाचा कप न सोडताच आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "आमचं नेटवर्क ठणठणीत आहे. बघा, हे दोघे उमेदवार कसे मजेत चालवतायत."

"ते इथलेच आहेत, आगाय. मी नारिनची."

"मग नारिनला विचारा."

"नारिनला काय विचारू? वाय-फाय तुमचं आहे ना!"

"वाय-फाय आमचं, पण माणूस तुमचं," एमिल शांतपणे म्हणाला. त्याची ती शांतताच तिला जास्त झोंबली. "दारात पाहुणा आला की आमचा पहारेकरी त्याच्या घरी फोन लावतो. ही तुमचीच का हो? घरच्यांनी हो म्हटलं की आत घेतो. तुमच्या घरी कुणी फोनच उचलत नाहीये."

"मग पाहुण्यांसाठी वेगळं काही असेल तर ते द्या."

"होतं. हे सगळीकडे चालणारं लॉगिन आलं तेव्हा ते बंद केलं."

सिरगाने दात आवळले. "तर मग तुमच्या लॉगिनवरून जरा लावून द्या. एकाच धड्यापुरतं."

एमिल कप सावरत मागे सरकला. उत्तर झुरा एजेंनीच दिलं. "आपलं लॉगिन दुसऱ्याला द्यायचं नाही, ही इथली पहिली अट आहे. आणि तू उद्याची शिक्षिका. पहिलाच धडा असा गिरवणार?"

खोलीच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड होत्या. मोबाइलला रेंज हवी तर जिना चढून अंगणात जावं लागे, आणि वरच्या साऱ्या खोल्यांत परीक्षा चालू होत्या. सिरगा धावतच वर गेली. उघड्यावर येताच फोनवर वर्गाचा आवाजी निरोप येऊन पडला. सगळी मिळून ओरडत होती, "एजे, आम्ही बसलोय! तुम्ही कुठाय?"

तिने कॉलेजच्या कार्यालयाला फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. शनिवार, मार्च महिना, नोरूझ तोंडावर आलेला... आणि एकदम तिच्या लक्षात आलं. आज सुबोत्निक! सणाआधीची शनिवारची साफसफाई. आज कॉलेजमधला झाडून सगळा माणूस अंगणात असणार. कुणी झाडांच्या बुंध्यांना चुना लावत असेल, कुणी पाला जाळत असेल. आणि इमारतीला कुलूप घालण्याआधी रखवालदार सोरोनबाय दरवेळी मुख्य खटका पाडत असे. एकदा रिकाम्या इमारतीत तारा धुमसल्या होत्या, तेव्हापासूनची ती सवय. वीज गेली की तिचं लॉगिन ओळखणारं यंत्रही झोपणार. इतकी वर्षं कुणाला त्याची झळ लागली नव्हती, कारण सुबोत्निकच्या दिवशी सगळे कॉलेजच्याच अंगणात असायचे.

तिने वसतिगृहात एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला, चिनाराला फोन लावला.

"अगं, हात चुन्याने बरबटलेत. लवकर बोल."

"सोरोनबाय अबांना फोन दे. धावत जा!"

जरा वेळाने म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. "बोल, लेकी. नोकरी लागली?"

"अबा, खटका वर करा. वीज नाही म्हणून मला इथं वाय-फाय मिळत नाहीये."

म्हातारा खो खो हसला. "तू बिश्केकात, खटका नारिनात. शहरात जाऊन डोकं फिरलं का तुझं? तिथल्या लोकांना सांग तिथला दिवा लावायला."

"अबा, हात जोडते. खरंच तसंच असतं ते."

"असेल. पण रिकाम्या इमारतीत वीज सोडणार नाही मी. धूर निघाला की सगळे माझ्याच नावाने बोंबलतात. प्राचार्यांना विचार."

"ते कुठायत?"

"कढईपाशी. पुलावात गाजर कमी पडलंय म्हणून वाद चाललाय."

सिरगाला रडू यायच्या बेतात होतं. रडण्याऐवजी ती फोनमध्ये ओरडली, "चिनारा, कढईपाशी जा!"

पलीकडून वादाचे तुकडे ऐकू येत राहिले. मांस शिजलंय की नाही, मीठ कुणी घातलं. मग प्राचार्यांचा आवाज: "वर कर खटका, सोरोनबाय. धूर निघाला तर माझ्या नावावर घाल."

"लिहून द्या."

"अरे, हाताला चरबी लागलीय माझ्या!"

शेवटी खटका वर गेला. सिरगा पायऱ्या उतरून खाली आली तेव्हा तिच्या जागी दुसरा उमेदवार शिकवत होता. झुरा एजे हळूच म्हणाल्या, "तुला शेवटची पाळी देते. त्याहून जास्त मला देता येणार नाही." सिरगा मान हलवून भिंतीशी बसली. तिकडे नारिनचं यंत्र जांभया देत जागं होत असणार, आणि इथे तिच्या मांडीवरचं चक्र अजून गरगरत होतं. ते थांबलं, हिरवी खूण उमटली, तेव्हा तिला आनंद झालाच नाही. इतक्या साध्या गोष्टीला एवढं रामायण!

पाळी आली. तिने कॅमेरा लावला. पडद्यावर वर्ग दिसला. मागची सगळी बाकं रिकामी होती. पुढच्या बाकावर तीन पोरं, आणि एकीच्या कोटातून बाहेर आलेलं कोकराचं तोंड.

"बाकीचे कुठायत, तुर्सुनाय?"

"घरी गेले, एजे. मेंढ्या व्यायला लागल्यात, आयांनी बोलावलं. मी हिला घेऊन परत आले. ही अशक्त आहे, हिला सोडवत नाही."

मागे समितीत कुजबुज झाली. सिरगाने ठरवलेला धडा बाजूला ठेवला. "बरं. घरी तुझ्याकडे अशी किती कोकरं?"

"तीन, हिला धरून. आणि दूध एकच बाटली."

"मग कशी वाटशील?"

पोरं बोटांवर मोजत भांडू लागली. सारखी वाटायची, एकाने म्हटलं. मुळीच नाही, अशक्त कोकराला जास्त, दुसरा म्हणाला. तेवढ्यात झुरा एजे उठून सिरगाच्या जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, निदान दहा मुलं हवीत, असा नियम आहे. हा धडा धरता येणार नाही. वाईट वाटतंय मला."

सिरगाने मान वळवली नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पोरांना दिसायला नको होतं. "नका धरू, एजे. पण ती अर्ध्यात आहेत. एवढं संपवू द्या."

झुरा एजे मागे न जाता तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

"दोघांना एकेक वाटा, हिला दोन," तुर्सुनाय म्हणाली.

"मग बाटलीचे भाग किती करशील?"

"चार."

"आणि हिला बाटलीतलं किती मिळालं?"

तुर्सुनायने कोकराकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. "अर्धी बाटली!"

"बरोबर," सिरगा म्हणाली. "आता मला सांग, अर्धी का?"