काळ्या खिडकीतला पहिला कंटेनर

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. माझ्या पडद्याची बिजागरी सैल झाली आहे, म्हणून मला नेहमी भिंतीला टेकवून बसवतात. पंखा सुरू झाला की जिना चढून आलेल्या माणसासारखी मला धाप लागते. तरीही मी स्वतःला भाग्यवान समजतो. माझ्यासमोर बसून एका शिक्षिकेने जे शिकून दाखवले, ते पाहायला मिळणे सगळ्यांच्या नशिबी नसते.

माझा जन्म एका मोठ्या, लख्ख कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे भाग जोडले, मला चालवून पाहिले आणि खोक्यात बंद केले. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला घेतले. त्याने माझ्यावर प्रोग्राम लिहिले, परीक्षा दिल्या, एकदा चहाही सांडला. पुढे त्याला परगावी नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात चादरींखाली गेलो.

तिथून मला बाहेर काढले ते त्याच्या थोरल्या बहिणीने. त्या ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत. मीही तेच म्हणतो.

बाई तोंडाने बोलत आणि तेच हातांच्या खुणांनी सांगत. मुलांना ते छान समजे. पण एक दिवस वर्गात एक नवी मुलगी आली. घरी ती इतकी बडबड करायची की तिचे नावच रेडिओ पडले होते. आदल्या वर्षीच्या तापात तिचे ऐकणे गेले. तिला खुणांची भाषा अजून येत नव्हती. स्वतःचा आवाज कानावर पडत नाही म्हणून तिने बोलणेही सोडून दिले होते. वाचायला मात्र ती पटाईत होती. बाई तिच्यासाठी फळ्यावर भराभर लिहीत, पण मग बाकीचा वर्ग ताटकळत राही. रेडिओ खिडकीबाहेर बघत बसे.

बाईंनी धाकट्या भावाला फोन केला. बोलणे ऐकून ते पडद्यावर अक्षरांत उमटवणारा एक प्रोग्राम त्याने लिहिला आणि पाठवला. तो माझ्यावर काही केल्या चालेना. कधी एखादी फाईल सापडत नव्हती, कधी माझ्यातली एखादी गोष्ट त्याला फार जुनी वाटत होती.

"ताई, माझ्याकडे तर मस्त चालतंय!" भाऊ म्हणाला.

"तुझ्याकडे चालून काय उपयोग रे? मुलगी माझ्या वर्गात बसते!"

भाऊ म्हणाला, "थांब, मी कंटेनर करून देतो. म्हणजे प्रोग्रामला जे जे लागतं, ते सगळं त्याच्याबरोबरच बांधून द्यायचं. मग तुझ्या मशीनवर काय आहे नि काय नाही, त्याचा फारसा प्रश्न येत नाही. पण तुला कमांड टाइप कराव्या लागतील."

"सांग की मग. मी काय घाबरते?"

खरे सांगू, मित्रांनो? त्या घाबरल्या होत्या. कमांड टाइप करायची काळी खिडकी पडद्यावर उघडली तेव्हा त्यांची बोटे माझ्या कळांवर नुसतीच टेकून राहिली होती. पहिली कमांड चुकली. पडद्यावर भलीमोठी तक्रार उमटली. दुसरे कुणी असते तर मला बंद करून मोकळे झाले असते. बाईंनी चष्मा लावला आणि मुलांचा निबंध तपासावा तशी ती तक्रार शेवटपर्यंत वाचली. एक अक्षर राहून गेले होते. ते घालून त्यांनी पुन्हा 'रन' केले. एक छोटा नमुना कंटेनर इंटरनेटवरून उतरला, त्याने नमस्काराच्या चार ओळी लिहिल्या आणि तो थांबला.

"अरे, हा तर आला आणि गेलासुद्धा!"

"त्याचं कामच तेवढं होतं, ताई. इमेज म्हणजे साचा. त्यातून काढलेली चालती वस्तू म्हणजे कंटेनर. काम संपलं की तो थांबतो, साचा तुझ्याकडे राहतो."

मग भावाच्या प्रोग्रामची पाळी आली. कंटेनर सुरू झाला, पण ब्राउझरमधले त्याचे पान कोरेच राहिले. आतला प्रोग्राम तयार होता. बाहेर यायला त्याला दारच ठेवलेले नव्हते. बाईंनी ते दार, म्हणजे 'पोर्ट', जोडायचे शिकून घेतले, आणि त्या माझ्यासमोर "नमस्कार" म्हणाल्या. पडद्यावर 'नमस्कार' उमटले. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर केले!

वर्गात मला रेडिओच्या बाकावर ठेवले. बाई बोलत होत्या आणि ती वाचत होती. बाईंच्या 'गुरुत्वाकर्षण'चे मी 'गुरूला आकर्षण' करून दाखवले. रेडिओ खुदकन हसली. त्या वर्गात ती हसल्याचे मी प्रथमच पाहिले. मग चुकलेले शब्द ती प्रोग्रामला शिकवू लागली. मुलांची टोपणनावे, धड्यांतली अवघड नावे, सगळे तिने स्वतः टाइप करून घातले.

काही दिवसांनी भावाने सुधारलेला प्रोग्राम पाठवला. बाईंनी जुना कंटेनर काढून टाकला आणि नवा सुरू केला. पाहतात तर रेडिओचा एकही शब्द जागेवर नाही! कंटेनरच्या आत ठेवलेले सगळे त्याच्याबरोबर गेले होते.

"ते कंटेनरबाहेरच्या कप्प्यात, म्हणजे व्हॉल्यूममध्ये, ठेवायला हवं होतं," भाऊ चाचरत म्हणाला. "मी सांगायलाच विसरलो गं."

बाई रेडिओसमोर बसल्या. "माझ्या हातून तुझे शब्द गेले," त्या हळू, स्पष्ट म्हणाल्या. तेही मी अक्षरांत उमटवले. रेडिओने ते वाचले. मग थोड्या घोगऱ्या, फार मोठ्या आवाजात ती म्हणाली, "पुन्हा घालू. मी सांगते, तुम्ही लिहा."

बाईंना टाइप करणे जड गेले. डोळे भरून आल्यावर कळा कशा दिसणार? यावेळी शब्द कंटेनरबाहेर ठेवले, आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवरही घेतली.

त्यानंतर शाळेत मुलांना आपल्या कामाविषयी सांगायला एक पाणबुड्या आला. तो समुद्रात उतरून पुलांचे खांब दुरुस्त करायचा. सभागृह भरले, मला मोठ्या पडद्याला जोडले, आणि ऐन वेळी माझा पंखा अडकला. मी तापलो आणि बंद पडलो. पुढचे मला नंतर मुख्याध्यापिकांच्या बोलण्यातून कळले.

बाई धावत कार्यालयात गेल्या. तिथल्या संगणकावर कंटेनर चालवायची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. तो सभागृहात आणला, पेनड्राइव्ह लावला, एक कमांड दिली. पाणबुड्याने घसा खाकरून बोलायला सुरुवात केली आणि त्याचे वाक्य भिंतीवर उमटले. मी बंद पडलो होतो, पण काम बंद पडले नव्हते. बाईंचे मला किती कौतुक वाटले म्हणून सांगू!

शेवटी रेडिओ उभी राहिली. तिने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले, "पाण्याखाली काहीच ऐकू येत नसेल, तर भीती वाटते का?"

"पहिल्यांदा फार वाटली," पाणबुड्या म्हणाला. "दोरी ओढून वर आलो. दुसऱ्या दिवशी परत उतरलो."

भिंतीवरचे वाचून तिने पुन्हा विचारले, "का?"

"काम अर्धं राहिलं होतं ना."

रेडिओने मान डोलावली आणि ती खाली बसली.

मित्रांनो, आता माझा पंखा दुरुस्त झाला आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी जुना असेल, तर त्याच्या जाळीतली धूळ पुसा, त्याला गादीवर ठेवून चालवू नका. आणि तुमच्या वर्गात कुणी एकटे खिडकीबाहेर बघत बसले असेल, तर त्याच्या बाकावर जाऊन बसा. तेवढ्यासाठी कुठलीच कमांड लागत नाही.