कोलंबीचे वीस वाटे

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. पहाट झाली आहे आणि तुम्ही शीवच्या कोळीवाड्यातून निघाला आहात. पाय अनवाणी, खांद्याला पिशवी, पिशवीत इंग्रजी पुस्तकं आणि फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी. मिठागराच्या बांधावरून निघायचं, माटुंग्याची शेतं ओलांडायची, दादरच्या वाड्यांतून पुढे जायचं आणि घंटा व्हायच्या आत चिंचपोकळीची शाळा गाठायची. संध्याकाळी तेवढंच चालत परत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सात वर्षं. आणि एका सकाळी मास्तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "मॅट्रिक पास झालास."

काय कराल? उडी माराल ना? हरेश्वरनंही मारली. पण दुसरी उडी मारायच्या आत त्याला कॉलेजची फी आठवली.

ही गोष्ट अठराशे त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली. त्या काळी मॅट्रिकचा निकाल डिसेंबरात लागे आणि कॉलेज जानेवारीत सुरू होई. म्हणजे विचार करायला उणेपुरे तीन-चार आठवडे.

शाळेच्या पायरीवर त्याच्या शेजारी कुशाबा बसला होता. तोही पास झाला होता. कुशाबाचे वडील रत्नागिरीकडचे, परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला.

"तू काय करणार रे?" हरेश्वरनं विचारलं.

"माझं ठरलंय. बाबांच्या गिरणीत हजेरी-कारकून हवेत. पंधरा रुपये पगार."

"आणि कॉलेज?"

"घरात सात तोंडं, त्यात मी थोरला. कॉलेजचं नाव कुणापुढे काढू? तुझ्यापुढे काढलं, झालं." कुशाबा हसला.

"हसतोस काय?"

"मग रडू? ऐक, जागा दोन आहेत. दुसरी तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगतो. एकवीस जानेवारीपर्यंत सांग, नाहीतर जाईल. आणि कॉलेजातच जाणार असशील तर कुठल्या? सरकारी की मिशनच्या?"

हाच तर घोळ होता. सरकारी कॉलेजची फी ऐकूनच घाम फुटायचा. गिरगावातल्या मिशनच्या कॉलेजची फी त्याच्या निम्मी, पण निम्मी म्हणजेसुद्धा बाबाची तीन महिन्यांची कमाई. शाळेतल्या अण्णा मास्तरांनी सांगितलं होतं, "मिशनचंच धर. तिथला साहेब गणित फार सुंदर शिकवतो. पण वीस जानेवारी ही शेवटची तारीख, आणि नाव घालायचं तर फी हातात घेऊनच जायचं."

"आमच्या वाड्यात म्हणतात, मिशनमधे पाणी प्यायलं तरी माणूस बाटतो," हरेश्वर म्हणाला.

"मग पाणी पिऊ नको. गणित पी."

हरेश्वरला गणितच हवं होतं. शीवच्या खाडीवरचा बांध इतक्या भरत्या अंगावर घेऊन उभा कसा राहतो, हे त्यानं लहानपणी बाबाला विचारलं होतं. बाबा म्हणाला होता, "साहेबानं हिशेब केलाय." तेव्हापासून तो हिशेब शिकायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

निकालाची बातमी कोळीवाड्यात पोचली तेव्हा त्याचा बाप तुळशीदास होडीला डांबर लावत होता. त्यानं डांबराच्याच हातानं पोराला मिठी मारली. रात्री देवळापुढे पुरुष जमले. ताडीचं मडकं फिरलं. तुळशीदास उभा राहिला आणि म्हणाला, "माजा पोऱ्या कालेजात जाणार. पैका कमती हाय. बोला, गाव काय करतंय?"

"मी दोन रुपये!" एकजण ओरडला.

"माजे तीन!"

"अरे, कोळ्याचा पोर कालेजात? मी पाच देतंय!"

हरेश्वर अंधारात उभं राहून बोटांवर आकडे मोजत होता. फी भरून पुस्तकांपुरतेही उरत होते. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

पण दिवसामागून दिवस गेले. पाच रुपयेवाला दिसला की दुसऱ्या गल्लीत वळायचा. तीनवाला म्हणायचा, "उद्या बघू." नाताळ गेला, इंग्रजी नवं वर्ष उजाडलं, आणि हरेश्वरच्या हातात एक पैसुद्धा आली नाही.

शेवटी त्यानं आईला विचारलं. सोनूबाई चुलीपुढे बसून बांगडा भाजत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कबूल कोणी केलं?"

"सगळ्यांनी."

"बाप्यांनी. मग बाप्यांकडनं घे की. त्यांच्या कमरेला पिशवी हाय का बघ आधी."

आता ही गंमत तुम्ही समजून घ्या. कोळीवाड्यात पुरुष खाडीत जाऊन मासळी आणतो, पण ती डोक्यावर घेऊन बाजारात जाते बाई. विकते बाई, आणि पैशाची पिशवी असते बाईच्या कमरेला. तंबाखूला पैसा हवा तरी पुरुषाला घरात मागावा लागतो. तुळशीदासला हे काय ठाऊक नव्हतं? पण लेकाच्या आनंदात आणि ताडीच्या भरात तो विसरला. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांना त्यानं मागितलं, आणि त्यांनी मोठ्या मनानं दिला. ज्यांच्याकडे होता त्यांना कुणी विचारलंच नाही.

"आणि त्या रागावल्यात," सोनूबाई म्हणाली. "काशीबाय बाजारात सगळ्यांसमोर बोलली मना. आमच्या कमरेचा पैका आमाला न विचारता वाटला म्हणं. मी काय सांगू? मनाही कोणी विचारलं नव्हतं."

"तुलाही?"

"तू तरी विचारलंस?"

हरेश्वर चुलीजवळ येऊन बसला. बांगड्याचा वास सुटला होता, पण त्याला भूक नव्हती.

"आये, मी काय करू?"

"मी काय सांगू? मी शिकलेली थोडीच हाय," ती म्हणाली. मग बांगडा त्याच्या पानात टाकत बोलली, "उद्या टोपली उचलायला येतंस?"

दुसऱ्या दिवशी हरेश्वर आईच्या मागून परळला, पोयबावडीच्या बाजारात गेला. कोळीवाड्याच्या वीसजणी तिथे सकाळ-संध्याकाळ एका ओळीत बसत. ओळीच्या टोकाला काशीबाई, पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोयता. परीक्षेसाठी शिवलेला कोट हरेश्वरनं मुद्दाम घातला होता. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काशीबाय, माझं चुकलं. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं."

"ऐकला गं, बायांनो?" काशीबाई ओरडली. "साहेब आलाय! कुठला मासा देऊ साहेब?"

ओळभर हशा पिकला. हरेश्वर तिथेच उभा राहिला.

"मासा नको. वीस तारखेपर्यंत कॉलेजची फी भरायची आहे. नाही भरली तर एकवीसला गिरणीत लागेन. मला गिरणीत जायचं नाही, शिकायचंय. मदत करा."

काशीबाईनं कोयता पाटावर ठेवला. "फुकट पैका देऊ? आज फुकट घेशील, उद्या मोठा होशील, आणि परवा या ओळीवरनं जाताना नाकाला रुमाल लावशील. असले लय बघितले मी." तिनं ओळीकडे नजर टाकली. "वाटा देतंय. आमी वीसजणी रोज एकेक वाटा बाजूला काढू. तो तू विकायचा, हितं बसून. येतील ते पैसे तुझे."

"मी? बसून?"

त्या बाजारात कोळी पुरुष कधी विकायला बसत नसे. बसला तर गावात वर्षभर टिंगल. ओळीतली एक मालन म्हणून तरुण बाई होती, ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "नथ पण घालू दे त्याला, काशीबाय!"

हरेश्वरनं आईकडे पाहिलं. ती माश्या हाकलत होती. तिनं त्याच्याकडे मुळीच पाहिलं नाही, आणि त्याला कळलं की हे आपल्यालाच ठरवायचं आहे.

त्यानं कोट काढला, घडी करून टोपलीमागे ठेवला आणि काशीबाईच्या शेजारी बसला.

पहिला दिवस फजितीचाच गेला. कोलंबीचे वीस वाटे, म्हणजे वीस छोटे ढीग, त्यानं भूमितीची आकृती काढावी तसे सारखे मांडले. गिऱ्हाइकानं भाव विचारला की खरा भाव सांगायचा. गिऱ्हाईक निम्मा करून मागे, आणि हा गोंधळून देऊन टाकी. दुपारी हिशेब केला तर निम्मीसुद्धा किंमत आली नव्हती.

"मॅट्रिक पास," काशीबाई म्हणाली. "अरे, भाव चढता सांग. गिऱ्हाईक उठून चाललं तर चालू दे. तू जागचा हलू नको. त्याला कोलंबी हवी हाय, म्हणून तर आलं ना? चार पावलं जाऊन माघारी फिरतंय की नाय बघ."

तो शिकला. तिसऱ्या दिवशी त्याला हाक घालता आली. पाचव्या दिवशी मालननं नथ म्हणणं सोडलं. गावातल्या पुरुषांनी चेष्टा केली तेव्हा तुळशीदासच त्यांच्या अंगावर गेला, "तुमचे पाच रुपये कुठं हायेत रं?" मग चेष्टा थांबली.

आणि दहाव्या दिवशी सकाळी पिशवी हलवत, छत्री टेकत समोर आले अण्णा मास्तर.

अण्णा मास्तर सारस्वत. मासळीशिवाय त्यांना जेवण उतरत नसे. त्यांनी खाली पाहिलं आणि ते थबकले.

"हरेश्वर? तू इथे?"

"हो, मास्तर." त्याला वाटलं जमीन फाटावी. दुसऱ्या क्षणी वाटलं, आपले गुरू! सगळी कोलंबी त्यांच्या पिशवीत ओतावी. हात पुढे गेलाही. पण बाजूला काशीबाई कोयता हातात धरून बघत होती. कोलंबी त्याची नव्हती. ती त्या वीसजणींनी आपल्या टोपलीतून काढून दिलेली होती.

त्यानं हात मागे घेतला.

"काय भाव, रे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

तेव्हा एका आण्याचे चार पैसे होत. हरेश्वर म्हणाला, "दोन आणे वाटा."

"दोन आणे? लूट आहे ही! एक आणा."

"मास्तर, पहाटेची आहे. शेपटी बघा, अजून वाकडी होते."

"शेपटी मला शिकवू नकोस. पाच पैसे."

"सात."

"ज्यानं तुला त्रैराशिक शिकवलं त्याला सात?"

"त्यामुळेच सात, मास्तर. नाहीतर आठच घेतले असते."

काशीबाई खो खो हसली. मास्तर छत्री उचलून चालू लागले. एक पाऊल, दोन, तीन. हरेश्वर जागचा हलला नाही. चौथ्या पावलावर मास्तर वळले.

"सहा," ते म्हणाले. "आणि दोन वाटे."

"घ्या."

पैसे हातावर ठेवताना मास्तर खाली वाकले आणि म्हणाले, "वीस तारीख विसरू नकोस." आणि पिशवी सांभाळत घाईघाईनं निघून गेले.

वीस तारखेला बाजार आटोपून हरेश्वर विहिरीवर अंघोळ करून, कोट घालून गिरगावात गेला. कॉलेजच्या खिडकीत कारकून बसला होता. मागे दहा-बारा मुलं रांगेत. हरेश्वरनं फडकं सोडून नाणी पुढे केली. कारकुनानं मोजली.

"हे कमी आहेत. फीचे तीनच हिस्से झाले. चौथा?"

"होळीच्या आधी देतो."

"इथे असं चालत नाही. पूर्ण फी आण, मग ये."

"आज शेवटचा दिवस आहे. तीन हिस्से आज घ्या, नाव घाला. चौथा होळीच्या आधी."

"बाळा, हा काय मासळीबाजार आहे?"

"नाही, साहेब. तिथे एवढा वेळ लागत नाही."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कारकुनानं नाणी मागे सरकवली. "बाजूला हो. मागे मुलं उभी आहेत."

महिन्यापूर्वीचा हरेश्वर असता तर नाणी उचलून परतला असता आणि दुसऱ्या दिवशी कुशाबाबरोबर गिरणीच्या दारात उभा राहिला असता. आजच्या हरेश्वरनं नाण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीचा गज धरून तो उभा राहिला.

"मला गणितात पंच्याऐंशी गुण आहेत," तो म्हणाला. "साहेबांना विचारून या. ते नाही म्हणाले तर जाईन."

"साहेब कामात आहेत."

"मी थांबतो."

मागून कोणी ढकललं, कोणी कुरकुर केली. तो गज धरून उभाच राहिला. अखेर कारकून पुटपुटत उठला आणि आत गेला. बराच वेळ गेला. परत आला तो वही घेऊन.

"होळीच्या आदल्या दिवसापर्यंत," तो म्हणाला. "एक दिवस उशीर झाला तरी नाव कापलं जाईल, समजलं? इथे सही कर."

हरेश्वरनं टाक दौतीत बुडवला, झटकला आणि स्वच्छ अक्षरांत आपलं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबला. मग खिडकीत डोकावून त्यानं विचारलं, "साहेब, शेवटचा तास किती वाजता सुटतो? परळचा संध्याकाळचा बाजार पाचला भरतो."