उपाशी रांगेतली हिरवी पानं

रोपं हिरवीगार झाली म्हणून संतापलेली बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. ती मी.

घेवड्याच्या रोपांना लोह मिळालं नाही तर त्यांचं काय होतं, आणि मग दिल्यावर ती किती लवकर सावरतात, हे माझं संशोधन. त्यासाठी आमच्या संशोधन संस्थेच्या गच्चीवरच्या काचेच्या रोपघरात, धुतलेल्या वाळूत मी दोन रांगा लावल्या होत्या. एका रांगेला सगळं मिळायचं, ती भरपेट. दुसरीला लोह सोडून सगळं मिळायचं, ती उपाशी. उपाशी रांगेनं पिवळं पडायचं, एवढंच तिचं काम. सुरुवातीला तिनं ते इमानानं केलं. मग मेली दिवसेंदिवस टवटवीत होत चालली.

म्हणजे लोह कुठून तरी झिरपत होतं. मी पाण्यावर संशय घेतला, बादलीच्या कडीवर घेतला, छपरातल्या गंजक्या खिळ्यावर घेतला. बादली बदलली, खिळा उपटला. शेवटी स्वतःच्या केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवल्या आणि झिंज्या सोडून जखिणीसारखी रोपघरात फिरले. रोपांनी आणखी चार पानं काढली.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. माझ्या नुसत्या दोन रांगा पणाला लागल्या होत्या, तिचं अख्खं घर लागलं होतं.

आत्यानं जन्मभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढलं. लोक भेटल्यावर ‘कशी आहेस’ विचारतात, ती ‘जेवलीस का’ विचारते आणि उत्तरावर विश्वास ठेवत नाही. ती चौथ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही. गेल्या हिवाळ्यात ती जिन्यात पडली. हाड एकही मोडलं नाही, पण बाबांचा धीर मोडला. त्यांनी आमच्या तळमजल्यावरच्या घरातली एक खोली तिच्यासाठी रंगवून घेतली आणि तिच्यामागे भुणभुण लावली.

“ताई, पुरे झालं आता. ये इकडे राहायला.”

“माझ्या खिडकीतून अख्खा बाजार दिसतो. तुझ्या खिडकीतून काय दिसतं? सायकलींची चाकं!”

दोघंही माझ्याच घराण्यातली, म्हणजे हट्टात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. शेवटी तोडगा निघाला तो माझ्याच संस्थेच्या इमारतीतून. तळमजल्यावर एक डॉक्टर थकवा असलेल्या वयस्कर लोकांचा अभ्यास करत होत्या. निम्म्या लोकांना लोहाच्या कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब तशाच पण आत काही नसलेल्या. कुणाला कुठल्या, हे अभ्यास संपेपर्यंत खुद्द डॉक्टरांनाही कळायचं नाही. या बाबतीत त्या इतक्या कडक होत्या, की आम्ही पाठीमागे त्यांना ‘सीलबंद’ म्हणायचो. सुरुवातीला आणि शेवटी एक चाचणी असायची: खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता, एक जिना चढायला किती वेळ लागतो. मी आत्याचं नाव त्यात घातलं.

“शेवटच्या चाचणीत तुझ्यात सुधारणा दिसली तर राहा तुझ्या माळ्यावर,” बाबा म्हणाले. “नाही तर सामान बांधायचं.”

“कबूल,” आत्या म्हणाली.

पहिली बाटली मिळाली तशी ती मला दाखवायला वर निघाली. संस्थेत लिफ्ट आहे, पण ती फक्त सामानाची. “मी काय सामान आहे?” म्हणत ती जिन्यानं आली. आधी तिची धाप आली, मग बऱ्याच वेळानं ती आली. दम खाऊन झाल्यावर तिचं लक्ष रांगांकडे गेलं.

“ही पोरं अशी पिवळी का ग?”

“उपाशी आहेत.”

“अगबाई, का?”

“मुद्दाम ठेवलीयेत.”

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. “तुझ्या बापानं हेच शिकवलं का ग तुला?”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, “पोरांना बघायला”. मग रोजच यायला लागली. मला अक्कल असती तर तिथेच खटकलं असतं. पण मला रोपांना पाणी घालायला माणूस हवा होता आणि ही फुकट मिळाली होती. मी तिच्या हाती शुद्ध पाण्याची झारी दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसली गत.

हळूहळू तिची धाप कमी झाली. मग ती जिन्यात गुणगुणायला लागली. एकदा मी फायली घेऊन वर चढत होते, तर मागून “सरक ग बाजूला” असा आवाज आला आणि ती मला मागे टाकून गेली. डॉक्टर तर तिच्यावर फिदा होत्या. बाकीच्या लोकांच्या बाटल्यांत कॅप्सूल उरायच्या, पोटाच्या तक्रारी असायच्या. आत्याची बाटली दर वेळी रिकामी, पोटाची एकही तक्रार नाही.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आता मुळाशी जायचं. उपाशी रांगेतलं सगळ्यात माजलेलं रोप चिमट्यानं हलकेच उचललं. मुळांपाशी वाळूत काहीतरी लालसर, लिबलिबीत चिकटलं होतं. कॅप्सूलची अर्धी विरघळलेली टोपी.

माझ्या डोक्यात आधी प्रकाश पडला, मग आग. ती टोपी चिमट्यात धरून, झिंज्या सोडलेल्या तशाच, मी जिना उतरत धावले. आज आत्याची कशी हजेरी घ्यायची, ती सगळी वाक्यं मी मजल्यामजल्याला जुळवत होते.

खोलीत पोचले तेव्हा चाचणी संपली होती. म्हणजे डॉक्टरांची संपली होती. आत्या अजून खुर्चीतून उठत-बसतच होती.

“शाबास! पुरे, पुरे!” डॉक्टर हसत होत्या. “इतकी प्रगती कुणाचीच नाही.”

बाबा मात्र गंभीर होते. “हा गोळ्यांचाच प्रताप ना, डॉक्टर? आणि तुमच्या अभ्यासातली हिची पाळी आज संपली. म्हणजे गोळ्या बंद. म्हणजे ही पुन्हा जिन्यात धापा टाकणार.” मग ते आत्याकडे वळले. “ताई, आपलं ताकदीचं ठरलं होतं. उसन्या ताकदीचं नाही. सामान बांध.”

आत्या खुर्चीत बसली ती पुन्हा उठली नाही. तिचं उतरलेलं तोंड बघून माझा राग कुठच्या कुठे पळाला आणि मला रडूच यायला लागलं. पण चिमटा तर हातात होता.

“आत्या,” मी म्हणाले, “हे काय आहे?”

तिनं चिमट्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे, मग बाबांकडे. “सापडलं वाटतं.”

“काय सापडलं?” डॉक्टर म्हणाल्या.

“अहो, मी एकही गिळलेली नाही.” आत्याचा आवाज बारीक झाला होता. “पहिल्याच दिवशी घेणार होते. पण वर गेले आणि ती पिवळी पोरं बघितली. म्हटलं, मी काय, जून खोड. ती वाढीच्या वयाची. रोज एकाच्या पायथ्याशी एक गोळी खोचायची. तुम्ही रागवाल म्हणून बाटली रिकामी आणायचे.”

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. बाबा उसळले. “थापा! घर वाचवायला थापा मारतेस! गोळ्या घेतल्याशिवाय माणूस असा टुणटुणीत होतो?”

“चला वर,” मी म्हणाले. “साक्षीदार दाखवते.”

वरात निघाली. सगळ्यांत पुढे आत्या, तिच्यामागे मी, मग डॉक्टर. पहिल्या मजल्यापर्यंत बाबा भांडत होते. दुसऱ्यानंतर त्यांचं भांडण तुटक तुटक यायला लागलं. तिसऱ्यावर त्यांनी कठडा धरला. “ताई... थांब ग... जरा...”

“ये, ये, घाई नाही!” वरून आत्या ओरडली.

रोपघराच्या दाराशी डॉक्टर एकदम थबकल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी डोळे झाकून घेतले.

“मी आत येत नाही! रोपं हिरवी असतील तर ह्यांच्या बाटलीत लोह होतं हे मला कळेल. बाकीच्यांच्या चाचण्या उरल्यात, मला अजून कळता कामा नये!”

“अहो पण डॉक्टर, पानं तर अगदी...”

“गप्प! रंग सांगू नका!”

मला जे हसू फुटलं ते आवरेना. आत्याही हसत सुटली, आणि झाकल्या डोळ्यांनी डॉक्टरही. एकीचं एक माणूस अभ्यासातून बाद झालेलं, दुसरीची अख्खी रांग बाद झालेली, आणि आम्ही दाराशी लहान पोरींसारख्या खिदळत होतो.

तेवढ्यात बाबा पोचले. पालथ्या बादलीवर मटकन बसले. समोर घेवड्याच्या दोन्ही रांगा, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा.

“बाबा, ह्या रांगेला मी लोहाचा कण दिलेला नाही,” मी म्हणाले. “केसातल्या पिनासुद्धा काढल्या होत्या. एखाद-दोन गोळ्यांनी सगळी रांग अशी होत नाही. सगळ्या गोळ्या ह्यांच्याच पोटात गेल्यात.”

“मग हिला... ताकद... कुठून आली?”

“तुम्ही आत्ता काय चढून आलात?”

बाबा अजून धापा टाकत होते. त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं, मग आत्याकडे. ती झारी हातात घेऊन उभी होती, कपाळावर घामाचा थेंब नाही.

“मी खोली रंगवली ग तुझ्यासाठी,” ते अखेर म्हणाले. हा आवाज भांडणाचा नव्हता. “ही सकाळी कामाला जाते. दिवसभर मी एकटाच असतो घरात.”

मी त्यांची मुलगी, पण हे मला माहीत नव्हतं. आत्यालाही नसावं. तिनं झारी खाली ठेवली, त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या कपाळावरचा घाम आपल्या तळहातानं पुसला.

“मग आधी नाही का सांगायचं, वेड्या? रोज चहाला येत जा माझ्याकडे.”

“चौथ्या मजल्यावर?”

“चौथ्या मजल्यावर. तू खालून हाक मार, मी कपात ओतून ठेवते. सुरुवातीला थंड प्यावा लागेल. मग नाही लागणार.”