तपासणीस नकार

शरीरातून काढलेल्या गाठीचे पातळ काप करून काचेवर चढवणं, हे माझं काम. बारा वर्षं तेच करतेय. आणि माझ्याच बहिणीची गाठ दोनदा कचऱ्याच्या बादलीत गेली, तीही आमच्याच रुग्णालयात.

धाकटी एकोणीस वर्षांची. पाळी नसतानाही रक्त जायचं. मोठ्या डॉक्टरांना गर्भाशयाच्या तोंडाशी द्राक्षांच्या घडासारखी गाठ दिसली. "साधा मांसाचा कोंब. या वयात दुसरं काय असणार?" म्हणत त्यांनी ती काढली नि फेकली. चार महिन्यांनी पुन्हा उगवली, पुन्हा तेच. मीही मान डोलावली होती. त्याचा स्वतःवरचा राग वेगळाच.

तिसऱ्या वेळी मी गाठ जपून ठेवायची फॉर्मालिनची बाटली घेऊन शस्त्रक्रियागृहाच्या दारातच उभी राहिले. पहिले काप पाहून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "वरून तर निर्धोक दिसतंय." मी हट्टाने आणखी खोल काप काढले. वरच्या पातळ थराखाली गडद पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"सार्कोमा. स्नायूंच्या कोवळ्या पेशींचा कर्करोग. या जागी फार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा तरण्या पोरींनाच."

पहिल्याच खेपेला कळलं असतं, तर गर्भाशय वाचवता आलं असतं. आता ते काढावं लागलं.

मला रडू आलं नाही. डोक्यात नुसती आग होती. मी तिची फाइल काढली. दुसऱ्या खेपेच्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात, ताज्या शाईत लिहिलं होतं: 'रुग्णाने तपासणीस नकार दिला. वेळ ११.२०.' स्वतःचं पाप पोरीच्या माथी मारून मोकळे झाले होते. मी पान उलटलं. भूलतज्ज्ञांच्या नोंदीप्रमाणे ११.०५ ते ११.४० धाकटी पूर्ण बेशुद्ध होती.

रुग्णालयाच्या महिन्याच्या आढावा बैठकीला अठरा दिवस होते. अठरा दिवस मी डॉक्टरांना हसून नमस्कार केला. एरवी मी तोंडावर बोलणारी बाई, पण गिळलं.

बैठकीत ते म्हणाले, "लाखात एखादी केस. शिवाय मुलीनेच नकार दिला होता."

मी दोन्ही पानं पडद्यावर लावली. "सर, बेशुद्ध मुलगी नकार कसा देते, तेवढं समजावून सांगा. मी आपली काप काढणारी."

"वेळ मीच लिहिली आहे. बरोबर आहे," भूलतज्ज्ञ म्हणाले.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो पोटभर पाहून घेतला. त्याच दुपारी त्यांच्या शस्त्रक्रिया थांबवण्यात आल्या.

दुसऱ्या दिवशी ते धाकटीच्या खाटेपाशी आले. हात जोडून म्हणाले, "चूक झाली माझी. माफ कर, बाळ."

केमोथेरपीने केस गेलेली, पोटावर टाक्यांचे वण असलेली माझी बहीण सावकाश उठून बसली. उशाखालची वही तिने पुढे केली.

"लिहून द्या. दोन्ही तारखा, काय फेकलंत, नंतर काय खोटं लिहिलंत, सगळं. खाली सही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या ओळीपासून ते घाईघाईने गिचमिड लिहू लागले.

"अक्षर नीट काढा," धाकटी म्हणाली.